कायमचा पत्ता

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आपल्या शिवणवर्गाची वही सांभाळणे, फी घेणे, पावती फाडणे एवढेच माझे काम. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "लढाईमुळे ज्यांचे घर सुटले, त्यांना दुसऱ्या देशात राहण्याचा परवाना कसा मिळतो, त्यावर बोलेन म्हणते." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अहो, दरवर्षी तुम्ही लोणच्या-मुरंब्यावर बोलता, यंदा हे काय काढलेत?" पण हा विषय आपल्या शिवणवर्गाच्या वहीतूनच निघाला आहे. कसा, ते शेवटी सांगते. आधी स्वेटरची गोष्ट ऐका.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, धान घरात आले की आपल्या साकोलीच्या बसस्थानकाजवळ बांबू आणि ताडपत्रीची दुकाने लागतात. तिबेटी बायांची स्वेटरची दुकाने. आपण सगळ्याच तिथे जातो. पाचशेचे स्वेटर तीनशेला मागतो, दोन पावले पुढे जातो, आणि त्यांनी हाक मारली की मागे फिरतो. मी २००१ साली लग्न होऊन साकोलीला आले. २००३ च्या हिवाळ्यात माझी मुलगी तीन महिन्यांची होती. सासूबाई मला म्हणाल्या, "पोरीले झबल्यावर झबले घालून काही व्हत नाही, चाल, लोकरीचं घेऊ." आम्ही दोघी गेलो. दुकानातल्या बाईच्या पाठीशी पण एक पोर बांधलेले होते. मुलगीच. माझ्या मुलीपेक्षा वीस दिवसांनी लहान. तिने मला गुलाबी रंगाचे एक स्वेटर दिले आणि म्हणाली, "दीदी, हेच मी माझ्या पोरीला पण ठेवलं आहे."

सासूबाईंना चौकशी फार. त्यांनी विचारले, "तुमच्या गावाले कधी जाता?" ती म्हणाली, "माल संपला की. लोसरच्या आधी." लोसर म्हणजे त्यांचे नवे वर्ष, ते साधारण माघ-फाल्गुनात येते. "लई लांब असंल ना तुमचं गाव? बर्फातलं?" ती हसली. "नाही आई, गोठणगाव. अर्जुनीच्या पुढे. बसने दोन तास." आजूबाजूच्या बायाही हसल्या. सासूबाई काही हार मानणाऱ्या नव्हत्या. "तसं नाही, जन्म कुठचा?" "गोठणगावचाच."

मैत्रिणींनो, माझे माहेर लाखांदूर तालुक्यातले. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघी जन्मलो तेव्हा गोठणगाव आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच पऱ्ह्या-रोवणीच्या मुलखात आम्ही दोघी जन्मलो. पण माझ्या कागदावर भारतीय लिहिले आहे आणि तिच्या कागदावर परदेशी. हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. पुढे कितीतरी वर्षे माहीत नव्हते.

आता ही वस्ती इथे आली कशी ते थोडक्यात सांगते. चीनने तिबेटात १९५० साली सैन्य घातले. १९५९ च्या मार्च महिन्यात ल्हासा शहरात उठाव झाला, तो मोडला गेला, आणि दलाई लामा ३१ मार्च रोजी भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० माणसे डोंगर ओलांडून आली. पंडित नेहरूंच्या सरकारने त्यांना आसरा दिला. पहिली काही वर्षे त्यातल्या पुष्कळांनी हिमालयात रस्त्यांची खडी फोडली. मग निरनिराळ्या राज्यांनी जमिनी दिल्या. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, आपल्या शेजारी मैनपाट, आणि १९७२ साली महाराष्ट्रात गोठणगाव-प्रतापगडजवळ, इटियाडोह धरणाच्या भागात. त्या वस्तीचे नाव नोर्ग्येलिंग. आपल्यापैकी किती जणींना हे नाव ठाऊक होते? मला नव्हते. आम्ही सगळे तिला 'तिबेटी कॅम्प' म्हणतो. पन्नास वर्षे उलटली तरी कॅम्पच.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगते. न सांगता पुढचे बोलणे मला जड जाईल.

ही माणसे तीन महिने दुकान लावतात तेव्हा गावात खोली भाड्याने घेतात. २०१६ च्या दिवाळीनंतर त्या बाईची नेहमीची खोली पडायला झाली होती. ती माझ्याकडे आली. आमची ओसरीची खोली रिकामी होती. मी हो म्हणणारच होते, पण घरी बोलणे निघाले. कोणीतरी सांगितले की परदेशी माणूस घरात ठेवला तर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे अर्ज भरावा लागतो. त्याला तेव्हा 'सी फॉर्म' म्हणत. घरचे म्हणाले, नसती भानगड कशाला. मी दुसऱ्या दिवशी तिला सांगितले, "बाई, आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत." ती म्हणाली, "ठीक आहे दीदी." त्या हिवाळ्यात आमच्याकडे एकही पाहुणा आला नाही. खोलीत धानाची पोती आणि कांदे पडून होते. ती बसस्थानकापलीकडे एका गळक्या खोलीत राहिली, आणि संक्रांतीच्या आधी माझ्या मुलीच्या मापाचे स्वेटर तिने बाजूला काढून ठेवले होते. मी ते पूर्ण किमतीला घेतले. घासाघीस करायला तोंड उघडेना. माझा भाचा नागपूरला वकिली करतो, त्याने पुढे मला सांगितले की तो सी फॉर्म संगणकावर भरता येतो आणि घरमालकाने मुद्दाम भिण्यासारखे त्यात काही नाही. पण ते मला कळले तेव्हा तो हिवाळा निघून गेला होता.

२०१८ च्या महाशिवरात्रीला आम्ही प्रतापगडच्या यात्रेला गेलो. तुम्ही बऱ्याच जणी जाता. डोंगरावर महादेव, आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा, दोन्हीकडे माणसांची रीघ. परतताना मी हट्टाने त्या वस्तीत गाडी थांबवली. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. एक मंदिर, सरळ रांगेत घरे, कडेला बांध्या. घरासमोर तुळस नाही एवढाच फरक, बाकी अंगणात सडा, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि उन्हात बसलेली म्हातारी, अगदी आपल्यासारखे. ती बाई धावतच बाहेर आली. मला वाटले होते ती खोलीची गोष्ट काढील. तिने काढली नाही.

तिने आम्हाला लोणी आणि मीठ घातलेला चहा दिला. खोटे कशाला बोलू, मला तो आवडला नाही. तिच्या लक्षात आले आणि तिने दुसरा, आपला गोड चहा केला. म्हातारी तिची आई. हातात ते फिरवायचे चक्र, ओठ हलत होते. नात तिला 'मोमो' म्हणत होती. त्यांच्या भाषेत आजीला मोमो म्हणतात. माझी मुलगी हसू लागली, कारण तिला मोमो म्हणजे नागपूरला गाड्यावर मिळतात तेवढेच ठाऊक. म्हातारीला ते समजावून सांगितले तर ती सर्वांत जास्त हसली.

म्हातारी मोडकी हिंदी बोलते. डोंगर ओलांडला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे. धाकटा भाऊ वाटेत गेला. पुढे रस्त्याच्या कामावर आईसोबत खडी फोडली. मग लग्न झाले आणि सरकारने जमीन दिली म्हणून ते इकडे आले. मी विचारले, "इथे आल्यावर काय वाटले?" ती म्हणाली, "गरम." एवढेच. बर्फातल्या माणसाला आपला वैशाख! सुरुवातीला जंगल, साप, हिवताप, आणि धान कसे लावतात ते माहीत नाही. आजूबाजूच्या गावातल्या बायांनी रोवणी शिकवली, असे ती म्हणाली. आपल्याच बायांनी शिकवली, हे ऐकून मला बरे वाटले. तेवढे तरी आपल्या पदरी जमा.

मग त्या बाईने ट्रंकेतून कागदांची थैली काढली. आपल्याकडे आरसी म्हटले की मोटारसायकलचा कागद. त्यांच्याकडे आरसी म्हणजे माणसाचा. नोंदणीचे पत्र. त्यावर फोटो, नाव, पत्ता, आणि राष्ट्रीयत्व तिबेटी. त्याला मुदत असते. मुदत संपण्याच्या आत कचेरीत जाऊन ती वाढवून घ्यायची. पूर्वी ती वर्षाला, कुठे सहा महिन्यांनी वाढवावी लागे. २०१२ पासून, इथे जन्मलेल्या किंवा वीस वर्षांहून जास्त राहिलेल्या तिबेटी लोकांना पाच वर्षांची मुदत मिळू लागली. लांबच्या मुक्कामाला बाहेर जायचे तर कळवावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी एक पिवळे पुस्तक असते. त्याखेरीज त्यांच्या स्वतःच्या धर्मशाळेतल्या कारभाराचे एक हिरवे पुस्तक, त्यात दरवर्षी वर्गणी भरल्याची नोंद. आधार कार्डही आहे, कारण आधार हे इथे राहतो एवढे सांगते, नागरिक आहे असे सांगत नाही. एवढे सगळे कागद, आणि तरी बँकेत गेले की नवा माणूस विचारतो, "हे काय आहे?"

तिने मला एक दिवस सांगितला तो मी विसरत नाही. पाच वर्षांची सोय होण्यापूर्वीची गोष्ट. तिच्या कागदाची मुदत डिसेंबरात संपत होती. डिसेंबर म्हणजे त्यांच्या धंद्याचा कणा. बाराही महिन्यांचे मीठ-मिरची त्या महिन्यात निघते. दुकान बंद करून ती एका कचेरीत गेली. एक फोटो कमी पडला, परत पाठवले. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन गेली तर सही करणारे साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी सही मिळाली. तेवढ्यात इकडे अवकाळी पाऊस पडून ताडपत्री फाटली आणि लोकरीचा माल भिजला. भिजलेले स्वेटर वाळवले तरी त्याला वास राहतो, ते कोणी घेत नाही. तो माल लुधियानाहून उधारीवर आणलेला होता. फेडायला दोन हिवाळे लागले. हे सांगताना ती कोणावर रागावली नाही. साहेबांचा तरी काय दोष, म्हणाली. मला मात्र राग आला, आणि त्यात ओसरीच्या खोलीचाही थोडा राग मिसळला असावा.

घरी आल्यावर मी भाच्याला विचारले, हा कायदा आहे तरी काय? तो म्हणाला, मामी, कायदाच नाही. म्हणजे परदेशी माणसांचा कायदा आहे, पण निर्वासितांचा म्हणून वेगळा कायदा आपल्या देशात नाही. जिनिव्हा येथे १९५१ साली निर्वासितांविषयी करार झाला, १९६७ साली त्याला जोड मिळाली. त्या दोहोंवर भारताने सही केलेली नाही. म्हणून आपल्याकडे आसरा मिळतो तो त्या त्या वेळच्या सरकारच्या निर्णयाने. तिबेटींना एक नियम, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ सालचे इंग्रजी अमदानीतले कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला. त्याच्यासोबत निघालेल्या आदेशात नोंदणी असलेल्या तिबेटी लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट ठेवली आहे. म्हणजे राहू देतात. पण राहू देणे निराळे आणि इथले असणे निराळे, असे तो म्हणाला.

मी त्याला म्हटले, अरे, पण आसरा देण्यात आपण कधी मागे नव्हतो. हे खरेच आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश माणसे राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना १९४०-४१ साली घरातून उचलून सैबेरियाकडे नेले होते. तिथून सुटून इराणमार्गे ती इकडे आली. त्याच सुमारास जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतले होते. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. लढाई संपली, पण पोलंडात सरकार बदलले, गावे रशियाकडे गेली. घरी जा म्हटले तर घर कुठे? छावणी १९४८ साली बंद झाली आणि माणसे इंग्लंडला, आफ्रिकेला, ऑस्ट्रेलियाला, जिकडे वाट मिळाली तिकडे गेली. आणि त्या मोकळ्या झालेल्या बराकीत कोण आले? फाळणीने घर सुटलेले सिंधी. त्याचे गांधीनगर झाले. आज लोक तिथे घाऊक कापड घ्यायला जातात.

दुसरे उदाहरण माझ्या घरातले. सासऱ्यांच्या ट्रंकेत जुन्या पत्रांचा गठ्ठा आहे. त्यात १९७२ सालच्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट आहे, शरणार्थींच्या मदतीचे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ पर्यंत ते पत्राला लावावे लागे. पूर्व बंगालात पाकिस्तानी सैन्याने कत्तल केली तेव्हा सुमारे १ कोटी माणसे आपल्या देशात आली होती. आपल्या पलीकडे रायपूरजवळ माना येथेही छावणी होती. बांगलादेश झाला आणि काही महिन्यांत बहुतेक सगळी परत गेली. आसरा तात्पुरता होता आणि तो तात्पुरताच ठरला, कारण परत जायला घर मोकळे झाले. त्याआधी पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे मात्र इथेच वसवली गेली. अर्जुनी तालुक्यातच अरुणनगर, गौरनगर अशा त्यांच्या वस्त्या आहेत. तिबेटी वस्तीपासून त्या फार दूर नाहीत. दोघांचेही घर सुटले, दोघांनाही जमीन मिळाली. पण बंगाली कुटुंबांना इथलेच करायचे म्हणून आणले आणि तिबेटी पाहुणे म्हणून आले. एकाच तालुक्यातल्या दोन वस्त्या, आणि कागद निरनिराळे.

आणि अगदी अलीकडचे. युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा युरोपातल्या देशांनी ४ मार्च २०२२ रोजी सर्वांसाठी एकच नियम लागू केला. प्रत्येकाची वेगळी सुनावणी न करता राहण्याचा परवाना, काम करण्याची मोकळीक, मुलांना शाळा, आजाऱ्याला दवाखाना. त्याचे नावच तात्पुरते संरक्षण. ४० लाखांहून जास्त माणसांना त्याचा आधार मिळाला. प्रथम एक वर्ष म्हटले होते. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आता ती मार्च २०२७ पर्यंत आहे. माझी मुलगी हे मला वाचून दाखवीत होती तेव्हा मी तिला म्हटले, बघ, त्या श्रीमंत देशांतसुद्धा आईबापांना दर वर्षी तारखेकडे डोळे लावून बसावे लागते. पोराला शाळेत घातले तर तो दहावीपर्यंत तिथे असेल की नाही, हे आईला सांगता येत नाही.

आता त्या घरातल्या तिघींकडे परत येते, कारण खरा गुंता तिथे आहे.

आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा. त्यात असे आहे की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी जो कोणी भारतात जन्मला तो जन्माने भारतीय, मग आईबाप कुठले का असेनात. त्यानंतर, ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यांना आई किंवा बाप भारतीय असला तर नागरिकत्व. आता हिशोब करा. म्हातारी तिबेटात जन्मली, ती परदेशी. तिची मुलगी, म्हणजे आपली स्वेटरवाली, गोठणगावला १९७७ च्या सुमारास जन्मली, ती कायद्याने भारतीय. आणि आई भारतीय म्हणून २००३ साली जन्मलेली नातही भारतीय. पण ट्रंकेत तिघींचे नोंदणीपत्र एकसारखेच, परदेशीचे.

दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१० साली एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत हे मान्य केले. २०१४ साली निवडणूक आयोगाने अशा लोकांची नावे मतदारयादीत घालायला सांगितले. २०१६ साली पुन्हा त्याच न्यायालयाने निकाल दिला आणि २०१७ च्या मार्चमध्ये सरकारने त्यांना पासपोर्ट द्यायचे ठरवले. मी त्या बाईला हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले. मला वाटले मी तिला काही नवीन सांगते आहे. तिला सगळे माहीत होते. ती म्हणाली, "दीदी, पुढचं पण ऐका." त्या पासपोर्टासोबत अटी आल्या होत्या. नोंदणीपत्र आणि पिवळे पुस्तक परत करायचे, तिबेटी म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या, आणि तिबेटी वस्तीत राहायचे नाही. म्हणजे भारतीय व्हायचे तर गोठणगाव सोडायचे! वस्तीची जमीन सरकारने तिबेटी निर्वासितांसाठी दिलेली आहे, ती कोणाच्या नावची नाही. २०१४ च्या पुनर्वसन धोरणात वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय केली, तीही निर्वासितांसाठीच. मग पंचाहत्तरीची आई कुठे न्यावी? आणि धान कुठे लावावे?

मी म्हटले, मग मुलीचे तरी करून टाका. ती काही बोलली नाही. म्हातारी मात्र चक्र थांबवून बोलली. तिचे म्हणणे असे की सगळ्यांनी इथला कागद घेतला तर उद्या कोणी विचारील की तिबेट मागणारे कोण उरले? नात उठून आत गेली. तिला नर्सिंगला जायचे होते आणि अर्जावर राष्ट्रीयत्व काय लिहायचे यावरून ते अडले होते. त्या तीन बायांत कोण बरोबर, हे मला आजही सांगता येत नाही. म्हातारीने भाऊ वाटेत ठेवला आहे, तिला मी काय सांगणार? पण मुलीचे वय तर थांबत नाही. माझी मुलगी तिच्याच वयाची. तिचे कॉलेज झाले, तिने बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात खूण केली आणि पुढे गेली. तिने त्या रकान्याकडे नीट पाहिलेसुद्धा नसेल.

आता वहीकडे येते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आपला तीन महिन्यांचा शिवणवर्ग सुरू झाला. ती मुलगी आईबरोबर दुकानावर साकोलीलाच होती. तिने आपल्याकडे अर्ज दिला. अक्षर मोत्यासारखे, मराठी अर्ज मराठीतच भरलेला. 'कायमचा पत्ता' या रकान्यात लिहिले होते, नोर्ग्येलिंग, गोठणगाव, जिल्हा गोंदिया. 'रहिवासी दाखला' या ठिकाणी नोंदणीपत्राची नक्कल जोडलेली. आपल्या छापील अर्जावर अट आहे की मुलगी या तालुक्याची कायमची रहिवासी असावी. मी तो अर्ज स्वीकारला नाही. कार्यकारिणीने मला तसे सांगितले नव्हते. मीच अट वाचून दाखवली आणि मीच नाही म्हटले. ती म्हणाली, "ठीक आहे काकू." तिच्या आईने २०१६ साली म्हटले होते तसेच. जाताना नक्कल तेवढी तिने काढून नेली, कारण ती पुन्हा काढायला पैसे पडतात.

रात्री मी ती अट कुठून आली ते जुन्या वहीत पाहिले. ती कोणत्याही सरकारी खात्याने घातलेली नाही. आपणच घातली. तेव्हा मंडळाकडे चारच मशिनी होत्या आणि बाहेरगावच्या मुली आल्या तर गावच्या पोरींना जागा उरणार नाही, असे वाटले होते. आज आपल्याकडे अकरा मशिनी आहेत आणि मागच्या वर्गात तीन रिकाम्या राहिल्या. ज्या कचेरीत तिच्या आईचे तीन दिवस गेले तिच्यावर मी रागावले होते. पण त्या माणसाला निदान वरून हुकूम होता. मला कोणाचा होता?

देशाचा कायदा बदलणे माझ्या हातचे नाही. म्हातारीने काय करावे, नातीने कोणता कागद घ्यावा, हे त्यांच्या घरात ठरेल आणि दिल्लीत ठरेल. 'कायमची रहिवासी' हे दोन शब्द मात्र आपल्या मंडळाच्या छापखान्यात छापलेले आहेत. त्या जागी 'तालुक्यात राहत असलेली' असे लिहिले तर चालेल का, एवढेच मी विचारते. कोणी म्हणेल, मग उद्या कोणीही येईल. येऊ द्या की. शिवणच तर शिकायचे आहे.

यंदाही दुकान लागले आहे, आपण येता-जाता पाहिले असेल. सभेनंतर हळदीकुंकू आहे, त्या दोघींना मी बोलावले आहे. दुकान आवरून येतील, थोडा उशीर होईल. मागच्या वर्षीचा तो अर्ज मी फेकला नव्हता. एक्केचाळिसाव्या पानाला टाचणीने लावून ठेवला आहे. अध्यक्षबाई, वही मी आज बरोबर आणली आहे.